तळ्याच्या पाण्यातली हिरवी तार

रामेश्वर मूळचा फर्दापूरकडचा. घरी मेंढरं. वडील केरबा अजूनही कळपामागं फिरतात. रामेश्वर मात्र भाड्याची गाडी चालवू लागला आणि लग्न झाल्यावर दिपालीला घेऊन शहरातल्या छावणी भागात राहायला आला. बोलघेवडा माणूस, अजिंठ्याला जाणाऱ्या प्रवाशांना वाटभर हसवायचा.

गेल्या वर्षी त्यांचं पहिलं बाळ पोटातच गेलं. डॉक्टरांना कारण सापडलं नाही, तेव्हा ज्यानं त्यानं आपापलं कारण लावलं. कुणी नजर म्हणालं, कुणी म्हणालं हिनं ग्रहणात काहीतरी चिरलं असणार. दिपाली सगळं ऐकून घ्यायची. तिनं सासरी जाणं सोडलं, सणालासुद्धा. रामेश्वरचीही गाडीतली बडबड थांबली.

त्या हिवाळ्यात त्याला तनुजा मॅडमचं भाडं लागलं. मॅडम कॉलेजात शिकवायच्या आणि लोणारच्या खाऱ्या तळ्यातलं पाणी तपासायला आणायच्या. या घाण वासाच्या पाण्यात एवढं काय आहे, असं त्यानं परतताना सहज विचारलं. मॅडम मनापासून सांगू लागल्या. फार पूर्वी पृथ्वीवर झाड नव्हतं, किडा नव्हता. नुसते खडक, पाणी, विजा. कदाचित अशाच एखाद्या खाऱ्या डबक्यात पाणी आटायचं, पुन्हा भरायचं, आणि त्यातले बारीक कण एकमेकांना जोडले जायचे. बहुतेक जोडण्या मोडायच्या. कधीतरी एक अशी टिकली, की तिच्यातून तिच्यासारखीच दुसरी तयार झाली. तिथून जीव सुरू झाला असावा. नक्की कुठं, कसं, हे अजून कुणालाच ठाऊक नाही.

 रामेश्वरनं विचारलं, “ज्या मोडल्या, त्यांचं काय चुकलं व्हतं?”

“चुकलं काहीच नाही,” मॅडम म्हणाल्या. “जीव जुळणंच अवघड असतं.”

जेवताना त्यानं हे दिपालीला सांगितलं. तिचा घास हातातच राहिला.

“त्यांना आपल्या बाळाचं माहीत व्हतं?”

“नाय.”

“मग समजूत काढायला नाय, खरंच म्हणाल्या असतील.”

पुढच्या खेपेला मॅडमना विचारून तो तिलाही घेऊन गेला. तळ्याकाठी वासानं तिनं नाकाला पदर लावला. मॅडमनी पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. स्प्रिंगसारखी वळलेली हिरवी तार दिसली, जिवंत. तिचं कूळ पृथ्वीवरच्या फार जुन्या कुळांपैकी आहे, असं मॅडम म्हणाल्या. दिपालीनं डोळा लवकर काढला नाही. घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, “फर्दापूरला जाऊन येऊ.”

तिथं तिच्या सासूबाई सुगंधाबाई भाकरी थापता थापता पुन्हा नजरेचं बोलल्या. दंडाला दोरा बांधून घे म्हणाल्या. दिपालीनं या वेळी मान खाली घातली नाही. तळ्याचं, मोडणाऱ्या जोडण्यांचं, जमेल तसं सगळं सांगितलं. “माझं काय चुकलं नाय, आत्याबाई. जुळणंच अवघड असतंय.”

सुगंधाबाईंचा हात थांबला. रामेश्वरच्या आधी त्यांची दोन बाळं अशीच गेली होती. हे त्यांनी सुनेला कधी सांगितलं नव्हतं. तेव्हा त्यांच्या सासूनं त्यांना व्यालेल्या मेंढीजवळही फिरकू दिलं नव्हतं, अपशकुन नको म्हणून. ते सगळं त्या हळूहळू बोलल्या.

“म्हंजी माझंबी काय चुकलं नव्हतं,” त्या म्हणाल्या.

“नव्हतं, आत्याबाई.”

बाहेरून केरबांनी जेवायला वाढा म्हणून हाक मारली. दोघींपैकी कुणीच लगेच उठलं नाही.