ओल्या गिलाव्यावरचं नाव

“बाक राहू दे. नाव तेवढं पूस.”

आप्पा एवढंच म्हणाले. आवाजसुद्धा चढवला नाही. आप्पा म्हणजे आमच्या गावचे सरपंच. सकाळची वेळ. एसटी थांब्यावर दहा-बारा माणसं नाशिक रोडच्या गाडीची वाट बघत उभी. आणि मी त्यांच्यासमोर रस्त्याकडेला गुडघे टेकून बसलेली, कोपरापर्यंत सिमेंटानं माखलेली. विटांचा बाक मी माझ्या हातांनी बांधला होता. पाठीवरच्या ओल्या गिलाव्यात खिळ्यानं लिहिलं होतं, ‘कालकथित सखाराम भिवा गांगुर्डे यांच्या स्मरणार्थ’. सखाराम माझा नवरा. गवंडी होता. त्याला जाऊन आठ महिने झाले होते.

मी म्हटलं, “आप्पा, परवानगी तुम्हीच दिली होती.”

“बाकाला दिली. आमच्या बाया बसायच्या तिथं. ते कालकथित दिसलं की लांबूनच कळतंय कुनाचं हाय ते. पूस.”

बौद्ध झाल्यापासून आमच्यात मेलेल्या माणसाच्या नावामागे कै. लिहीत नाहीत, कालकथित लिहितात. तेवढा एक शब्द आप्पांना खुपला.

मी पुसलं. सखारामचीच थापी उचलली आणि दोन हातांत गिलावा सपाट केला. दहा वर्षं त्याच्या हाताखाली काम केलेलं, हात तयार होता. एक रेघ राहिली नाही. आप्पा म्हणाले, “शाणी हायेस.” रांगेत आमच्या वस्तीतले दोघे होते. ते रस्त्याकडे बघत राहिले. मी त्यांना दोष देत नाही. मी स्वतः काय केलं होतं?

बाकच का बांधला, तेही सांगते. सखारामला कावीळ झाली, डोळे हळदीसारखे पिवळे. मी त्याला नाशिक रोडच्या दवाखान्यात न्यायला थांब्यावर आणलं. गाडी दोन तास आली नाही. ऑक्टोबरच्या उन्हाचा नुसता जाळ. थांब्याला लागून हॉटेल होतं, त्याच्या ओट्यावर सावली होती. मी त्याला तिथं टेकवलं. मालक बाहेर आला. “ओट्यावर नको. गिऱ्हाईक येतंय.” तो ओटा सखारामनं बांधलेला. फरशी न् फरशी त्यानं बसवलेली, मी माल कालवून दिलेला. मी त्याला उठवलं, डांबराच्या कडेला निजवलं, डोकं मांडीवर घेतलं. तो पडल्या पडल्या त्या ओट्याकडे बघून म्हणाला, “लेवल बघ. अजून हलली नाय.” त्याला त्याचं कौतुक होतं. मला रागानं रडू येत होतं. तिसऱ्या दिवशी तो गेला.

त्यानं निम्मं गाव बांधलं आणि त्याच गावात मरताना त्याला टेकायला जागा मिळाली नाही. म्हणून बाक. आणि त्यावर नाव. घरात सिमेंटची एक गोणी शिल्लक होती. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं, गोणी म्हणजे सोनं. पावसाळा आला असता तर तिचा दगड झाला असता. मी ती फोडली.

आणि एवढं सगळं करून नाव पुसलं. का? भीती. दुसरं काही नाही. मी सातवी पास, गावच्या बालवाडीत नोकरीला. ती नोकरी आप्पांच्या हातात. घरात म्हातारी सासू आणि सहा वर्षांची लेक सुमन. आणि ते वर्ष वाईट होतं. विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाड्यात वस्त्या पेटवल्याच्या बातम्या रोज येत होत्या. तिकडंही भांडण नावाचंच होतं. दुपारी दारावरून कुणी जोरात बोलत गेलं तरी मी दार लावून घ्यायची. सुमनला मी शाळेत सोडायला जायची आणि आणायलाही जायची. चुलीजवळ पाण्याची घागर भरून ठेवायची. आग लागली तर, म्हणून. सासू म्हणायची, पुसलंस ते बरं केलंस, नावानं का माणूस परत येतो? मी मान हलवायची.

बाक वाळला. लोक बसायला लागले. दोन महिने मी त्या रस्त्यानं खाली मान घालून जात होते.

मग एक दिवस बालवाडी सुटल्यावर बघते तर बाकासमोर पेंटर बसलेला. शेजारी लाल ऑइलपेंटचा डबा. मी नाव पुसलं होतं बरोबर त्याच जागी त्याचं ‘सरपंच’ एवढं लिहून झालं होतं. मी विचारलं, पुढं काय? तो सरळ माणूस, त्याला काय माहीत. म्हणाला, आप्पांचं नाव आणि खाली ‘यांच्या सौजन्याने’.

मी घरी गेले. छिन्नी आणि हातोडी घेतली. सासू दारात आडवी उभी राहिली. तिला बाजूला केलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

पेंटर चहाला गेला होता. थांब्यावर माणसं होती. मी बसले आणि लाल रंगावर पहिला घाव घातला. त्या घावासरशी भीतीनं मला लघवी झाली. लुगडं ओलं झालं. खोटं कशाला सांगू? हात थांबला नाही एवढंच. अक्षरं वाकडी येत होती. ‘कालकथित’ होईपर्यंत गर्दी जमली, ‘गांगुर्डे’ होईपर्यंत आप्पा आले.

“हे काय लावलंय? पूस ते.”

मी उभी राहिले. आवाज फाटला. “आप्पा, मी एकदा पुसलं. आता पुसणार नाही. तुम्हाला पुसायचं तर ही छिन्नी घ्या. सगळ्यांसमोर पुसा.”

मी छिन्नी पुढं केली. त्यांनी ती घेतली नाही. माझ्या हातातली वस्तू ते घेणार कसे? “उद्यापासून बालवाडीत यायचं नाय,” म्हणाले आणि गेले.

नोकरी गेली. मी विंचूरला कांद्याच्या खळ्यावर निवडणीला जायला लागले. पहाटे निघायचं, दिवेलागणीला परत. हॉटेलवाल्यानं वस्तीतल्या सगळ्यांचाच चहा बंद केला, आणि वस्तीतले लोक काही महिने माझ्याशी बोलले नाहीत. तुझ्या एका नावापायी, म्हणाले. तेही खोटं नव्हतं.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. तीन वेळा त्या नावावर दगड घातले गेले. तिन्ही वेळा आडनावावरच. तिन्ही वेळा मी दिवसाढवळ्या, गाडीच्या वेळेला, माणसांसमोर परत कोरलं. दर वेळी अक्षर खोल जातं. भीती गेलेली नाही. छिन्नी धरताना हात अजून कापतो, मागं पावलं वाजली की मान आखडते. भीती जायची वाट बघत बसले असते तर तिथं आज दुसऱ्याचं नाव असतं. आता सुमन तेरा वर्षांची आहे. घाव कसा घालायचा ते मी तिला शिकवते आहे. तिचाही हात कापतो. कापू दे.