शरयूताईंच्या बाहुलीची बोटं

सांगलीत आमच्या विश्रामबागेतल्या शरयूताई जोगळेकरांनी अख्खं आयुष्य कर्णबधिर मुलांना शिकवण्यात घालवलं. निवृत्त झाल्यावर त्या संगणक शिकल्या, आणि नुसत्या शिकल्या नाहीत, तर हातवाऱ्यांच्या भाषेत गोष्ट सांगणारी एक बाहुली त्यांनी पडद्यावर उभी केली. तिचं लुगडं, अंबाडा, नाक सगळं बेताचंच होतं. जीव ओतला होता तो बोटांवर. या भाषेत बोट जरा कमी वाकलं किंवा उशिरा उठलं, तरी शब्द बदलतो.

हे सगळं चालायचं लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी वापरता येणाऱ्या एका मोफत प्रणालीवर. संगणक जुना, आणि लिनक्स त्यावर हलकं चालायचं. शिवाय ते कुणालाही वापरायला, बदलायला मोकळं, हे त्यांना मनापासून पटलं होतं. फक्त हलती चित्रं झरझर दाखवणारं वेगळं ग्राफिक्स कार्ड नव्हतं. त्यामुळे बाहुली हलवून बघायला गेलं की चित्र अडखळायचं, आणि चूक आपली की संगणकाची तेच कळायचं नाही.

एकदा त्यांच्या जुन्या शाळेतली सात वर्षांची माया शेजारी बसून बघत होती. तिनं हातांनी विचारलं, "ही बाई आजारी आहे का? हिची बोटं झोपलीत."

शरयूताईंना ते फार लागलं. भाच्यानं आपलं कार्ड आणून बसवून दिलं. चार दिवस बाहुली छान पळाली आणि एका सकाळी पडदा काळाठिक्कर. त्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्डाची आणि संगणकाची बोली जुळवणारा प्रोग्रॅम, कंपनीनं बंद कुलपात ठेवलेला. लिनक्स नवं झालं, ड्रायव्हर मागं राहिला, दोघांचं जमेना. दुकानात विचारलं तर तिथला माणूस म्हणाला, "लिनक्सचं आम्ही बघत नाही, मॅडम. विंडोज टाकून देऊ का?"

शेवटी त्यांनी लिनक्स वापरणाऱ्यांच्या एका मराठी गटावर आपली अडचण फोन नंबरासकट लिहिली. संध्याकाळी फोन आला. कोयनानगरहून हंबीरराव शेलार. फौजेत सिग्नलमध्ये, म्हणजे संदेशवहनात, नोकरी करून घरी परतलेले.

"ताई, कार्डाचं नाव मागनं बघू. आधी सांगा, तुमच्या डब्यातला, वीज पुरवणारा पावर सप्लाय केवढा हाय?"

ताईंना माहीत नव्हतं. त्यांचे यजमान सुमंतराव विजेरी घेऊन टेबलाखाली वाकले, पण लेबल केव्हाच पुसून गेलेलं.

"मग असं करा," हंबीरराव म्हणाले, "डबाच घिऊन या हिकडं. माझ्याकडं दोन कार्डं हायती. लावून बघू. न बघता घ्याल आन् पस्तावाल."

ओळख ना पाळख, पण ताई निघाल्या. संगणक गोधडीत गुंडाळून सुमंतरावांच्या मांडीवर. कराडला गाडी बदलली तेव्हा कंडक्टरनं गोधडीकडे बघून विचारलं, "लेकरू झोपलंय व्हय?" सुमंतराव गंभीरपणे म्हणाले, "हो. कोयनानगरला डॉक्टरकडे चाललोय." पुढं रस्त्याच्या प्रत्येक वळणावर ते त्या डब्याला दोन्ही हातांनी धरून बसले.

हंबीररावांच्या पत्नी बनुबाईंनी आधी जेवू घातलं. मगच डबा उघडला. पहिलं कार्ड थोरलं, दोन पंख्यांचं. ते बसवलं, संगणक सुरू झाला, बाहुलीनं हात उचलला आणि सगळं एकदम बंद. दुसऱ्यांदाही तेच.

"कार्ड झ्याक हाय," हंबीरराव म्हणाले, "पर तुमच्या डब्याला त्येची भूक भागंना. माझाच अंदाज चुकला, ताई."

दुसरं कार्ड लहान, साधं. त्याला वेगळी वायर लागत नव्हती. त्याचा ड्रायव्हर उघडा होता आणि लिनक्सच्या पोटातच आलेला, वेगळा काही घालायचा नव्हता. संगणक सुरू झाला. बाहुलीनं हात उचलला आणि न अडखळता बोलू लागली. ताई पडद्याच्या अगदी जवळ सरकल्या. "अगं बाई, अंगठा उशिरा उठतोय," त्या म्हणाल्या. "ही चूक माझी आहे. मला आजवर दिसलीच नाही!" स्वतःची चूक सापडल्यावर एवढा आनंदलेला माणूस मी पाहिला नाही, असं सुमंतराव अजून सांगतात.

"काय म्हणती ती?" हंबीररावांनी विचारलं.

"जेवलास का, असं विचारतेय."

हंबीररावांनी आपले राकट हात उचलून तसंच करून पाहिलं. ताईंनी बोटं धरून दुरुस्त केलं. मग ते स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि बनुबाईंना हातांनीच विचारलं. बनुबाई हसू लागल्या. "आवं, ह्यास्नी उजव्या कानानं ऐकूच येत न्हाई," त्या ताईंना म्हणाल्या. "मी वरडून वरडून दमले. आनखी चार शब्द शिकवा की आमास्नी." ती दुपार मग त्यातच गेली.

निघताना ताईंनी हात जोडले. तुमचे उपकार कसे फेडू, असं त्या म्हणाल्या.

"माझं काय त्यात? ड्रायव्हर मी न्हाई लिवला. कुठल्या कुठल्या मुलखातली मान्सं लिवत्यात, मी बी त्येंची तोंडं बघितली न्हाईत. तुमी आता ह्ये समदं मराठीत लिवून ठेवा. फुडचा माणूस गोधडी घिऊन हितवर यायला नको."

ताईंनी सांगलीत येऊन तसलंच कार्ड घेतलं. कार्ड निवडताना आधी काय बघायचं, ते सोप्या मराठीत लिहून त्या गटावर ठेवलं. आणि ड्रायव्हर लिहिणारे ज्या सार्वजनिक ईमेल-गटावर एकमेकांशी बोलतात, तिथे इंग्रजीत आभार लिहिले, सोबत बाहुलीची गोष्ट जोडली. कुणी उत्तर देईल असं त्यांना वाटलं नव्हतं. आठवड्याभरानं एकाचं आलं. त्यानं लिहिलं होतं, की आमच्याकडे लोक बहुतेक तक्रार घेऊनच येतात. ही गोष्ट मी माझ्या आईला दाखवली. मुलांना आवडली का?

ताई शाळेत गेल्या आणि मायाला कॅमेऱ्यासमोर उभं केलं. मायानं हातांनी सांगितलं, "बाई बरी झाली. आता दुसरी गोष्ट सांग."

खाली इंग्रजीत अर्थ लिहून ताईंनी तो व्हिडिओ त्याच दिवशी पाठवून दिला.