दुसऱ्या दिघोरीला गेलेलं पार्सल

पौषातली सकाळ होती. भंडाऱ्याच्या आमच्या शाळेत पहिला तास नुकताच सुरू झाला होता. फळ्यावर तारीख लिहून मी वळले, तर वर्गाच्या दारात मुख्याध्यापिका बाई उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात माझाच मोबाइल होता. स्टाफरूममधल्या पर्समध्ये तो सारखा वाजत होता म्हणून त्यांनीच तो उचलला आणि तसाच चालू घेऊन त्या आल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहूनच मला समजलं. पलीकडून मामेभाऊ प्रकाश एवढंच म्हणाला, "ताई, बाबा गेले..." आदल्याच आठवड्यात मामाजी भंडाऱ्याच्या दवाखान्यातून घरी गेले होते. बरे होऊन गेले, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. साकोलीपर्यंत एक बस, तिथून लाखांदूरची दुसरी. दिघोरीच्या फाट्यावर उतरेपर्यंत एकच गोष्ट मला सलत होती. शेवटच्या भेटीत मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन खूप काही बोलले होते. त्यातलं त्यांना काय ऐकू गेलं, ते आता कधीच कळणार नव्हतं.

माझे मामा मोतीराम लांजेवार आमच्या भागात 'ऑर्गनवाले मोतीरामजी' म्हणून ओळखले जायचे. घरी धानाची शेती. पावसाळाभर ते बांधीतल्या चिखलात राबायचे, आणि दिवाळीनंतर गावोगाव मंडया, म्हणजे आमच्याकडच्या जत्रा, भरू लागल्या, नाटकं लागू लागली, की स्टेजच्या पुढ्यात ऑर्गनवर मामाजी असायचेच. पायाने भाता चालायचा, डोळे नटाच्या ओठांवर असायचे आणि बोटं कुठे आहेत हे त्यांना पाहावंच लागायचं नाही. नवी नटी घाबरून सूर सोडायची, तेव्हा ते तिचा चुकलेला सूर असा काही सावरून घ्यायचे की लोकांना वाटावं, चाल अशीच आहे. लहानपणी शाळेच्या सुट्टीत मी दिघोरीला असायची. दुपारच्या तालमीत त्यांच्या बाकाच्या टोकावर बसायचा माझा हक्क होता. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतात. मी निघाले की हा उंचपुरा माणूस सगळ्यांदेखत वाकायचा. मला लाजल्यासारखं व्हायचं, मी मागे सरायची, आणि ते म्हणायचे, "पळतं काहून वो बाई? माहा मान हाय तो."

त्यांचे कान कधी जाऊ लागले ते घरात कुणाच्या लक्षातच आलं नाही. ते स्वतः सांगणाऱ्यातले नव्हते. नट काय म्हणतो ते ओठांवरून वाचायचे, तबल्याची थाप बाकातून अंगाला जाणवायची, त्यावर त्यांनी किती काळ निभावलं देव जाणे. एकदा मामी चुलीजवळून ओरडून ओरडून थकली आणि रडकुंडीला येऊन मला फोनवर म्हणाली, "तुह्या मामाले आता माहा आवाज नको झाला." तेव्हा प्रकाशने आणि मी त्यांना नागपूरला नेलं. तपासणी झाली आणि उजव्या कानाला मशीन लागलं. तिथून बाहेर आल्यावर ते चार पावलं चालले आणि थबकले. खाली पाहत म्हणाले, "माह्या चपला एवढ्या वाजतेत?" मग पुन्हा चालून पाहिलं. रस्त्याने जाणारे लोक बघत होते आणि मामाजी स्वतःच्या चपला ऐकत फुटपाथवर येरझाऱ्या घालत होते... इतकं निखळ हसू मी त्यांच्या तोंडावर फार कमी वेळा पाहिलं. बांधीत वाकताना मशीन पडू नये म्हणून मामीने त्याला काळा दोरा बांधून दिला, त्याचं दुसरं टोक सदऱ्याच्या गुंडीला. ऑर्गन पुन्हा सुरू झाला.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ते मशीन बिघडलं. घाम गेला असेल, पाणी गेलं असेल. दोऱ्यासकट तसंच दुरुस्तीला कंपनीकडे पाठवावं लागलं. गेलं ते नीट गेलं. परत यायचं होतं कुरिअरने, आणि तिथेच आमच्या दिघोरीचं जुनं दुखणं उपटलं. नागपूर शहरातही एक दिघोरी आहे. मोठी वस्ती, बंगले, फ्लॅट. पत्त्यावर तालुका लिहा, जिल्हा लिहा, पिनकोड लिहा, कुठल्याशा गोदामात कुणीतरी फक्त 'दिघोरी' वाचतं आणि आमची वस्तू तिकडे जाते. प्रकाशच्या लग्नात एका पाहुण्याने पाठवलेली साडी तिकडे गेली. शेजारच्या मुलीची परीक्षेची पुस्तकं तिकडे गेली, ती परीक्षा झाल्यावर आली. गावातले लोक आता पत्ता सांगताना 'लाखांदूरवाली दिघोरी, नागपूरवाली नव्हे' असं दोनदा बजावतात, तरी उपयोग होतोच असं नाही.

प्रकाशच्या मोबाइलवर मेसेज आला, पार्सल मिळालं. त्या वेळी मामाजी अंगणातल्या खाटेवर बसून फाटकाकडे बघत होते आणि त्यांच्या हातात काहीच नव्हतं. प्रकाशने फोन लावले. मी लावले. आधी गाणं वाजायचं, मग एक मुलगी हिंदीत गोड आवाजात सांगायची की पार्सल पोचलेलं आहे. कुणाकडे, म्हटलं तर ग्राहकाकडे. ग्राहक इथे बसलाय, म्हटलं तर तक्रार नोंदवली आहे, वाट पाहा. दर वेळी मुलगी नवी, दर वेळी सगळं पहिल्यापासून सांगायचं. प्रकाश चिडून फोन आपटायचा. मामाजींना त्यातलं काही ऐकू येत नसे, पण त्याच्या चेहऱ्यावरून ते ओळखायचे आणि म्हणायचे, "राहू दे गा. येऊन राह्यलं असन."

इकडे तालमी सुरू झाल्या होत्या. मामाजी रोज जात होते. बाकावर बसायचे, भाता चालवायचे, पण गाणारा एकीकडे आणि ऑर्गन एकीकडे अशी गत होऊ लागली. नाटकाचे मालक चांगले माणूस. त्यांनी स्वतः घरी येऊन, चहा घेऊन, मामाजींच्या गुडघ्यावर हात ठेवून हातवाऱ्यांनी सांगितलं की या हंगामापुरता दुसरा मुलगा बघतो. मामाजींनी मान हलवली. ते गेल्यावर मामीला म्हणाले, "बरोबर हाय त्यायचं. नाटक पडाले नाही पायजे." त्या दिवसापासून घरातले सगळे त्यांच्याशी आणखी मोठ्याने बोलू लागले, जणू आवाज चढवला की गेलेलं परत येईल. मामीचा तर इतरांशी बोलतानाही आवाज तसाच राहू लागला. फाटकाबाहेरून जाणाऱ्याला वाटावं, घरात भांडण लागलंय.

दिवाळीच्या सुट्टीत मी म्हटलं, आपण स्वतःच जाऊ. प्रकाश धानाच्या कापणीत अडकलेला. म्हणून मामाजी आणि मी, दोघंच एसटीने नागपूरला गेलो. कुरिअरच्या ऑफिसातल्या पोराने बऱ्याच टाळाटाळीनंतर मोबाइलमध्ये बोट फिरवून सांगितलं, लांजेवार, दिघोरी, घरपोच दिलं. घर कुठलं तेही दाखवलं. रिक्षाने तिथे पोचलो. पहिल्या मजल्यावरचं साधं घर होतं, दारात तुळस. सत्तरीच्या एका बाईंनी दार उघडलं. त्यांचंही आडनाव लांजेवार. पार्सल देणाऱ्याने खालून 'लांजेवार?' म्हणून हाक मारली होती आणि त्यांनी 'हो' म्हटलं होतं, एवढंच झालं होतं. मी विचारलं, आमचं एखादं पार्सल चुकून तुमच्याकडे आलंय का? त्या म्हणाल्या, "नाही वो. आमचं एकच आलं होतं, पोरानं पाठवलं ते." आणि आत बोट दाखवलं.

आत खुर्चीवर त्यांचे यजमान बसले होते. टीव्ही अगदी बारीक आवाजात चालू होता. त्यांच्या उजव्या कानाला मशीन होतं आणि त्याचा काळा दोरा सदऱ्याच्या गुंडीला बांधलेला होता. मामीने घातलेली गाठ मी ओळखली. आम्हाला पाहून ते गृहस्थ इतके खुलले की विचारू नका. "या, या! मले आता सारं आयकू येते," ते म्हणाले. "पोरगा हैदराबादले हाय. पाठवतो, पाठवतो म्हनत होता, मले वाटे विसरला. नाही विसरला! कुकरची शिट्टी आयकतो, नातवाचा फोन आयकतो..." त्यांच्या पत्नी कौतुकाने बघत होत्या. मी मामाजींकडे पाहिलं. त्यांना यातला एक शब्दही ऐकू गेला नव्हता. आणि मला ते ओरडून सांगायची सोय नव्हती, कारण ओरडले तर सगळ्यांनाच कळणार.

पण मामाजी बघत होते. आधी त्या कानाकडे, मग दोऱ्याकडे, मग बोलता बोलता पाणावलेल्या त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांकडे. ज्यांनी सारी उमर लोकांच्या ओठांवरून सूर ओळखला, त्यांना आणखी काय सांगायचं? ते शांतपणे जाऊन त्यांच्या शेजारी बसले. "कोन्या गावचे जी?" त्यांनी विचारलं. ते गृहस्थ काहीतरी म्हणाले. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मोठ्याने सांगितलं, "मूळचे सानगडीकडले!" मामाजींचा चेहरा उजळला. मग सानगडीच्या मंडईच्या गोष्टी निघाल्या. एक जण ऐकत होता आणि एक जण नुसताच बोलत होता, तरी दोघांचं जमलं. चहा झाला. निघताना त्या बाईंनी मला दाराशी गाठलं आणि हळूच विचारलं, "तुमच्या पार्सलात का होतं वो?" मामाजी पाठमोरे होऊन चपला घालत होते. "औषध होतं," मी म्हटलं. "सापडेल." त्यांनी वळून आत, नवऱ्याच्या कानाकडे पाहिलं. नंतर म्हणाल्या, तुमचा नंबर देऊन ठेवा.

रस्त्यावर आल्यावर मी हातानेच विचारलं, हे काय केलंत? मामाजी म्हणाले, "त्याच्या कानातून कसा काढू बाई? पोरानं पाठवलं म्हून बसला हाय तो." त्यातलं किती त्यांनी ओठांवरून वाचलं होतं आणि किती नुसतं ओळखलं होतं, मला अजून उमगलेलं नाही. बसमध्ये मौदा येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग अचानक माझा हात धरून म्हणाले, "चूक केली का वो मी? ... आता तालमीले कोन्या तोंडानं जाऊ?" आणि रडले. बसच्या आवाजात मी काहीही म्हटलं असतं तरी त्यांना ऐकू गेलं नसतं. मी नुसता त्यांचा हात धरून बसले.

नवीन मशीन घ्यायचं ठरलं. धान घरात आलं की पुन्हा नागपूरला जाऊ, असं प्रकाश म्हणाला. तोवर थंडी पडली आणि मामाजींच्या छातीत कफ झाला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात ते होते तेव्हा मी शाळा सुटली की जायची. डॉक्टर विचारायचे, दुखतं का? मामाजी म्हणायचे, हो. दुखत नाही ना? हो. आम्ही खाटेजवळ ओरडून सांगायचो तेव्हा इतर पेशंट माना वळवून बघायचे आणि मामाजींना त्याची लाज वाटायची. म्हणून ते सगळ्यालाच 'हो' म्हणू लागले होते. शेवटी शेवटी तर मी फक्त दारातून आत आले तरी ते आपले 'हो, हो' म्हणायचे. घरी न्यायच्या दिवशी मी त्यांच्या कानाशी वाकून लहानपणीचं, तालमींचं, त्या बाकाचं काय काय बोलले. त्यांनी मान हलवली. मग खाटेवरून हात खाली सोडून माझ्या पायाकडे नेऊ लागले. पोचेना. मी या वेळी मागे सरले नाही. पाय उचलून खाटेच्या दांडीवर ठेवला, आणि त्यांची बोटं लागली.

तेरवीच्या दिवशी मांडवात पंगती चालू असताना फाट्याकडून नागपूरच्या त्या लांजेवार बाई चालत येताना दिसल्या. त्यांनी आदल्या दिवशी फोन केला होता आणि मामाजी गेल्याचं मीच त्यांना सांगितलं होतं. त्या एकट्याच आल्या होत्या. मशीनला आधीच बांधून आलेल्या जुन्या दोऱ्यावरून त्यांना तेव्हाच शंका आली होती. बरेच दिवस मनात ठेवून शेवटी त्यांनी मुलाला विचारलं. तो म्हणाला, मी पाठवलंच नव्हतं. नवऱ्याला सांगायला त्यांना आणखी काही दिवस लागले. ऐकल्याबरोबर नवऱ्याने मशीन कानातून काढलं आणि म्हणाले, देऊन ये. त्यांनी रुमालात गुंडाळलेलं ते मशीन मामीच्या पुढ्यात ठेवलं. दोरा तसाच होता.

मामीने ते हातात घेतलं. गाठीवरून बोट फिरवलं. मग रुमाल पुन्हा नीट गुंडाळून त्या बाईंच्या मुठीत दाबला आणि ओरडली, "त्यायनं आपल्या मनानं देलं होतं! मी कोन परत घेनारी? तुमच्या मालकाले घालून द्या!" सगळा मांडव वळून बघू लागला. वाढणारे थांबले. नागपूरच्या बाई दचकल्या, मग मामीच्या हातावर हात ठेवून हळू म्हणाल्या, "मले आयकू येते, बाई. हळू बोला."

"सवय झाली वो..." मामी म्हणाली, पहिल्यांदाच अगदी हलक्या आवाजात. इतके दिवस तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं. ती त्या बाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

परवा मी पुन्हा दिघोरीला गेले होते. घरात मामी, प्रकाश आणि त्याची बायको. तिघांचेही कान शाबूत आहेत. मी फाटकाशी पोचले तर आतून मामीचा आवाज सगळ्या गल्लीत ऐकू येत होता, "भाजी उतरवली का वो!" आणि सूनही तितक्याच मोठ्याने उत्तर देत होती. मी थोडा वेळ बाहेरच उभी राहिले. मग फाटक ढकललं आणि मीही ओरडले, "मामी, मी आली!"