बर्फावरच्या शिबिरासाठी अर्ज

बावन्नाव्या वर्षी बर्फावर घसरायला जायची हौस मला नव्हती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझं कौतुक करायला नको. मी शिरपूरला राहते आणि तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत शिकवते. धुळे जिल्ह्याचा पारा उतरला की पेपरात बातमी येते, तेवढीच आमची थंडीशी ओळख. मला जायचं होतं ते मुलीला भेटायला. हिमाचलातल्या एका दरीत ती स्कीइंग शिकवते. दोन वर्षं झाली, माझा फोन उचलत नाही. तिच्यासमोर उभं राहायचा दुसरा रस्ता मला सुचला नाही.

ती शिकवते ते क्रॉस-कंट्री स्कीइंग. डोंगरावरून सुसाट खाली यायचा प्रकार नव्हे तो. लांब, अरुंद पट्ट्या बुटाच्या पुढच्या टोकाला अडकवायच्या, टाच मोकळी ठेवायची आणि हातात दोन काठ्या घेऊन दरीतून सरकत सरकत चालायचं. हे तिनं एकदा तिच्या पप्पांना जेवता जेवता दोन फूटपट्ट्या घेऊन दाखवलं होतं. ते म्हणाले, "चालायचंच आहे तर पट्ट्या कशाला गं?" ती हसून हसून बेजार. मग हळूच म्हणाले, "मला पण ने एकदा." मी म्हटलं, आधी गच्चीचा जिना चढून दाखवा. असंच बोलायची मी त्यांच्याशी.

तिचा प्रशिक्षकाचा कोर्स चालू होता तेव्हा त्यांना धुळ्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. हार्टचं दुखणं. पाच दिवस होते ते तिथे. दरीत मोबाइलला रेंज नव्हती, पण तिच्या कोर्सच्या ऑफिसचा नंबर माझ्या पर्समध्ये होता. मी फोन केला नाही. कोर्सची शेवटची परीक्षा आठवड्यावर आली होती. आमच्या घरात परीक्षेच्या वेळी पोरांना असलं काही कळू देत नाहीत. माझ्या दहावीच्या पेपरांत आमचे आजोबा गेले, ते मला शेवटचा पेपर दिल्यावर सांगितलं, आणि मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. डॉक्टरही म्हणत होते, सुधारणा आहे. हे रोज विचारायचे, "पोरीला कळवलं का?" मी म्हणायची, "तिचा कोर्स बुडवता का?" पाचव्या दिवशी पहाटे ते गेले. तरीही मी थांबले. सगळ्या नातेवाइकांना दम दिला, कुणी तिला कळवायचं नाही. तिची परीक्षा झाली त्या संध्याकाळी मी ऑफिसला फोन लावला.

ती आली ती पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी. रडली नाही. मला विचारलं, "पप्पा किती दिवस दवाखान्यात होते?" मी खरं सांगितलं. ते माझी आठवण काढत होते का, असं तिनं विचारलं. तेही खरं सांगितलं. कार्यक्रम झाल्यावर ती निघून गेली. ती परीक्षा ती पहिल्या नंबरानं पास झाली. काय करू मी त्या नंबराचं?

तर मागच्या पावसाळ्यात तिच्या शिबिराची जाहिरात मोबाइलवर दिसली. नवशिक्यांसाठी, वयाची अट नाही. खाली प्रशिक्षकांच्या फोटोत ती होती, गाल उन्हानं काळे पडलेले. मी शिबिराच्या नंबरावर स्वतःच्या नावानं चौकशी केली. दुसऱ्या दिवशी हिंदीतून उत्तर आलं, जागा आहे, तयारी सुरू करा, फॉर्म नंतर पाठवू. सगळ्यांना जाणारं छापील उत्तर होतं ते. पण माझं नाव तिच्या नजरेखालून गेलं असणार आणि तिनं नाही म्हटलं नाही, एवढ्यावर मी पुढचे तीन-चार महिने काढले.

जानेवारीत आठ दिवसांची रजा मागितली तर मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, मे महिन्यात जा की. सुट्टीच सुट्टी." मी म्हटलं, मे महिन्यात तिथे वाटाणा लावतात, बर्फ नसतो. कुरकुर करत त्यांनी सही केली. तयारीच्या यादीत लिहिलं होतं, रोज तासभर मऊ वाळूत चाला. म्हणून मी सकाळी अरुणावतीच्या पात्रात दोन काठ्या घेऊन चालायला लागले. पाय रुतायचे, दम लागायचा, आणि मला बरं वाटायचं, निदान काहीतरी दुखतंय याचं. तिथे शेळ्या चारणारे एक आबा रोज बघत बसायचे. एकदा त्यांना राहवलं नाही.

"काय धुंडी राह्यनी व अक्का?"

"पोरगी," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि शेळ्या घेऊन पुढे गेले. त्यांना वाटलं असेल, बाई डोक्यावर पडलीय.

गरम कपडे घ्यायला जळगावला गेले. दुकानदारानं विचारलं, "ताई, मनालीला का?" मी म्हटलं, मुलीकडे चाललेय. दोन वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले. बसमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. एरंडोल येईपर्यंत स्वतःला समजावत होते, की ती बोलली नाही तरी चालेल, आठ दिवस शिव्या घातल्या तरी चालेल. मला फक्त तिच्यामागून सरकत जायचं होतं. ती पुढे, मी मागे.

डिसेंबरात फॉर्म आला. वय, रक्तदाब, बुटाचं माप. शेवटी आपत्कालीन संपर्क, म्हणजे आपलं काही बरंवाईट झालं तर कुणाला कळवायचं त्याचं नाव, नातं, नंबर. मी तिचं नाव लिहिलं. नातं, मुलगी. मुद्दाम लिहिलं का? थोडं मुद्दाम. पण दुसरं कुणाचं लिहिणार होते मी?

तिसऱ्या दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत शिबिराच्या नंबरावरून निरोप आला. मराठीतून. त्या अख्ख्या शिबिरात मराठी येणारी ती एकटी.

"आपत्कालीन संपर्क म्हणून शिबिरातल्या कर्मचाऱ्याचं नाव चालत नाही. घरच्या माणसाचं नाव द्या."

स्टाफरूममध्ये सगळे डबे उघडून बसले होते. मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. दीर आहेत, भाऊ आहे, कुणाचंही नाव टाकून मोकळं होता आलं असतं. जानेवारीत मी तिच्यासमोर उभी असते. पण ते माझ्या हातून होईना. मी लिहिलं, "घरचं माणूस तूच आहेस. दुसरं कुणी नाही. मला माफ कर, मी तुला कळवायला हवं होतं." माफी मी याआधी कधी मागितली नव्हती. चूक झाली असं मला दोन वर्षं वाटत होतं, पण तोंडातून निघत नव्हतं.

निरोप वाचल्याची खूण लगेच आली. मी घंटा झाल्यावर सहावीचा तास घेतला, सातवीचा घेतला. शाळा सुटायच्या वेळी उत्तर आलं.

"मग प्रवेश देता येणार नाही."

मी मोबाइल पर्समध्ये टाकला. तिच्या जागी मी असते तर हेच केलं असतं, अगदी याच शब्दांत. एवढी घट्ट ती माझ्यामुळेच झाली आहे. तिचे पप्पा असते तर त्यांनी मला न सांगता तिला फोन केला असता, तिचं ऐकून घेतलं असतं, दोन दिवसांत तिला वळवलं असतं. आमच्या दोघींच्या भांडणात ते नेहमी मधे पडायचे आणि ती त्यांचंच ऐकायची. त्या पाच दिवसांत ते तिच्याशी बोलायला मागत होते, आणि फोन माझ्या हातात होता.