बद्द आवाज

युसूफ वडगावच्या शिवारात बंकटनं खणलेल्या विहिरी मोजायला हातापायाची बोटं पुरायची नाहीत. पण चार वर्षं झाली, गडी एकाही विहिरीत उतरला नव्हता. त्याचा एकुलता एक मुलगा उत्तरेश्वर शेवटच्या विहिरीत दगडाखाली गेला. सुरुंगाला परवाना मिळेना, म्हणून खालचा मऊ थर पोखरून वरचा काळा दगड त्याच्याच भारानं खाली आणायचा होता. तो दगड आधीच कोसळला. "पोरानं घाई केली," असं बंकटनं बायकोला सांगितलं आणि रतनबाईनं ते खरं मानलं. तेव्हापासून दोघं जेवत होती, झोपत होती, एवढंच. रडणंसुद्धा आटलं होतं.

परवा भूगर्भशास्त्राच्या मोहिनी मॅडम दोन विद्यार्थी घेऊन तीच कोरडी विहीर बघायला आल्या. वाट दाखवायला म्हणून बंकट उतरला. मॅडम पोखरलेल्या, अजून न कोसळलेल्या जागेत वाकून शिरल्या.

"खाणीत असा खालून पोखरून वरचा दगड पाडतात, त्याला स्टोपिंग म्हणतात. शब्द खाणीतल्या माणसांचा, आम्ही तो पुढं उचलला. जमिनीखालचा तापलेला रस वर चढताना डोक्यावरच्या खडकाचे तुकडे असेच पाडतो आणि पोटात घेतो."

"मग त्या तुकड्याचं काय व्हतं?" बंकटनं विचारलं.

"काही विरघळतात. काही तसेच राहतात."

बंकटला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, हे मात्र कळलं.

"बाबा, हे छत पक्कं आहे ना?" मॅडमनी वर बघत विचारलं.

बंकटनं हातोडा घेतला. पक्का दगड खणखणीत वाजतो, पोकळ असला की बद्द. त्यानं तीन ठोके दिले.

"भाईर व्हा. समदे भाईर."

वर रतनबाई पाण्याची कळशी घेऊन बसली होती. ठोके तिनंही ऐकले होते. तीस वर्षं तिनं विहिरींचा दगडच उपसला होता. बंकट वर आल्यावर तिनं विचारलं,

"त्या दिशी ठोकून बघितलं व्हतं का तुमी?"

"बघितलं व्हतं."

"कसं वाजलं?"

"असंच. बद्द."

"मग कावून बोलला न्हाईत?"

"आजच्या आज पाडू म्हनलो. तोच थांबा म्हनत व्हता. मीच धाडला."

रतनबाईनं मॅडमना पाणी दिलं, पोरांना दिलं. बंकटपुढं आली आणि कळशी तशीच काखेत मारून घराकडं निघाली. ती बांधावर पोचली. मग तिचा हंबरडा फुटला, चार वर्षांनी. बंकट काठावर बसून तो ऐकत राहिला.