शालूबाईच्या मागं चालणारा श्रावण

श्रावण नवरा कोणाचा? पंचफुलाचा. मग पाय उचलायचा कोणासाठी? शालूबाईसाठी! ब्याऐंशी साली नालवाडीच्या पंचफुलाला दुसरं काही सुचतच नव्हतं. नवरा अजून आपला आहे की हातचा गेला, एवढं एकच तिला कळायला हवं होतं.

दोघांची भाजीची वाडी होती. वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर असं पिकवायचं आणि वर्धेच्या बाजारात नेऊन विकायचं. श्रावण एके काळचा मोठा चेष्टेखोर गडी. बायकोची खोडी काढल्याशिवाय त्याला भाकर गोड लागत नसे. पण दोनेक वर्षांत माणूस पार बदलला. हसणं आटलं. चेहरा सारवलेल्या भिंतीसारखा सपाट झाला, आवाज इतका बारीक की कान लावून ऐकावा. एकदा वांग्याची भाजी करपली, घरभर जळका वास सुटला, आणि हा बाबा गुमान जेवून उठला. एक शब्द नाही! पूर्वी त्यानं केवढं चिडवलं असतं. पंचफुलाला ते फार लागलं. आपण आता चिडवण्याच्याही लायकीच्या उरलो नाही, असं तिनं मनाशी धरलं. झोपेत तो ओरडे, हातपाय झाडी, तेव्हा याच्या स्वप्नात कोण येतं, हा किडा तिच्या डोक्यात वळवळू लागला.

कोण म्हणजे? शेजारची शालूबाई! तिचा नवरा हिंगणघाटच्या गिरणीत, सुट्टीलाच घरी यायचा. बाई ठसठशीत, डोक्यावर टोपलं, पायात टायरच्या चपला. बाजाराच्या दिवशी श्रावण वाडीच्या फाटकाशी आला की थिजायचा. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. मागं उभी पंचफुला ओरडून दमायची, "अवो, चाला ना! बाजार उठून जाईन!" गडी ढिम्म. तेवढ्यात शालूबाई समोरून जायची, चपला फटक फटक वाजवत. "चाला श्रावणभाऊ," एवढंच म्हणायची. की निघाला हा तिच्या मागं, भराभर पावलं टाकत!

सांगा, कोणत्या बायकोच्या अंगाचा तिळपापड होणार नाही? भाऊ म्हणे! पंचफुला आतल्या आत जळत राहिली आणि एक दिवस तिनं शालूबाईला रस्त्यातच गाठलं.

"माया नवऱ्याले नादी लावून राह्यली काय वं? आजपासून या रस्त्यानं येजो नको!"

"बाप्पा! वयनी, काय बोलता हे?" म्हणत शालूबाईनं तोंडावर पदर धरला, आणि खरंच दुसऱ्या रस्त्यानं जाऊ लागली.

पुढच्या बाजाराला श्रावण फाटकातच अडकला. "ते नाई तं पाय उचलत नाई काय?" म्हणत पंचफुलानं त्याच्या पाठीत धक्का दिला. तो ओंडक्यासारखा आडवा झाला. कपाळ फुटलं. पंचफुलाच्या तोंडचं पाणी पळालं.

वर्धेच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं टाके घातले. त्याचा थरथरता अंगठा पाहिला, चेहरा निरखला आणि वास येतो का म्हणून विचारलं. श्रावणनं नाही म्हणून मान हलवली. कधीपासून येत नाही, तेही त्याला आठवत नव्हतं.

"कंपवात आहे," डॉक्टरीणबाई म्हणाली. "मेंदूत खोलवर एक वाट असते. चालणं, हसणं, आपोआप होणारं सगळं तिच्यातून जातं. यांची ती वाट बुजत चालली आहे. वासाच्या, झोपेच्या वाटाही बिघडल्यात. मनात हसू येतं, पण तोंडापर्यंत पोचत नाही."

पंचफुलानं लाज सोडली. "मंग त्या बाईच्या मागं काऊन चालते?"

"तेव्हा तुम्ही कुठे असता?"

"मागं. अस्तुरी नवऱ्याच्या पुढं चालते काय?"

डॉक्टरीणबाईला हसू आवरेना. "अहो, तिथंच तर चुकतंय! समोर पावलं दिसली, चपलांचा ताल ऐकू आला, की मेंदू दुसऱ्या वाटेनं हुकूम देतो. तुम्ही पुढे चाला."

म्हणजे शालूबाई नव्हे, तिच्या चपला! पंचफुलाला हायसं वाटलं. आणि इतके दिवस आपण टायरच्या तुकड्यांवर जळत होतो, याचा संतापही आला.

पुढच्या बाजाराला ती नवऱ्याच्या पुढं चालली. सारी नालवाडी डोळे फाडून बघत होती. तिनं पदर पुढं ओढला, चपला मुद्दाम आपटल्या. मागून पावलं येत होती. मग बारीक आवाज आला, "शालूबाईची चाल सरस होती तुयापेक्षा."

पंचफुला गर्रकन वळली. जुना जाळ छातीत उठलाच. समोर तोच सपाट चेहरा.

"खरं सांगा, हासून राह्यले काय तुमी?"

"कवाचा हासून राह्यलो," श्रावण म्हणाला. "तुले दिसत नाई."

पंचफुलाला भर रस्त्यात रडू फुटलं. ती थांबली, म्हणून तोही थांबला होता.