सरळ केलेला सूर

उल्का तासगावकर मूळची मिरजेची. म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइममध्ये एका छोट्या कंपनीत ती इलेक्ट्रॉनिक कीबोर्डसाठी वाद्यांचे आवाज तयार करते. कंपनीने तुर्की लग्नांत वाजवायचा कीबोर्ड काढायचं ठरवलं, तेव्हा ती आपल्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नेर्मिनकडे गेली. नेर्मिन बाग्लामा वाजवायची. लांब मानेचं ते तुर्की तंतुवाद्य तिच्या मांडीवर बोलायचं. उल्का तिला आब्ला, म्हणजे ताई, म्हणे.

नेर्मिनने शनिवार-रविवार मोडून एकेक सूर रेकॉर्ड करून दिला. मागितलं एवढंच, "स्क्रीनवर माझं नाव येऊ दे."

"गेनाऊ, अगदी नक्की येणार," उल्का म्हणाली.

तिचा बॉस सुधीर सबनीस. मराठी मंडळात सगळे त्याला दादा म्हणत. त्याने नाव काढून टाकलं. वर म्हणाला, "हा दोन पट्ट्यांमधला सूर बेसुरा वाटतो. सरळ पांढऱ्या पट्टीवर आण."

"दादा, तोच तर त्यांचा सूर आहे."

"मला संगीत शिकवू नकोस. सांगतो तेवढं कर."

तयार कीबोर्ड उल्काने घरी आणून नेर्मिनला ऐकवला. नेर्मिन ऐकत राहिली. "हात माझाच आहे," ती म्हणाली, "पण बोट कुणी मोडलं?" ती उठून गेली. त्यानंतर जिन्यात भेटली तरी बोलेना.

त्या दिवसापासून उल्काच्या डोक्यात एकच होतं: सुधीरचं नाक कापायचं, तेही चारचौघांत. मूळ सूर तिच्या लॅपटॉपमध्ये शाबूत होते. सुधीरला पुन्हा एकदा बजावता आलं असतं. ती गप्प बसली.

पहिलं सादरीकरण म्युनिकच्या एका तुर्की लग्नाच्या हॉलमध्ये होतं. समोर लग्नात वाजवणारे कलाकार आणि वाद्यांचे दुकानदार बसले होते. सुधीर स्वतः वाजवायला बसला. तो सूर आला आणि कुणीतरी फसकन हसलं. एक म्हातारा क्लॅरिनेटवाला उभा राहिला आणि त्याने खरा सूर गाऊन दाखवला. मागून अख्खा हॉल तोच सूर गाऊ लागला. सुधीरचे कान लाल झाले.

"उल्का, ट्यूनिंग बदल!"

उल्काने माइक घेतला आणि सगळ्यांना कळेल अशा जर्मनमध्ये सुधीरला सांगितलं, "हे ट्यूनिंग तुमच्याच हुकमाने केलंय. मूळ सूर नेर्मिन यिल्दिरिमचे आहेत. त्यांचं नावही तुम्हीच काढलंत."

एकाही दुकानदाराने कीबोर्ड घेतला नाही. कंपनीला सूर आणि नाव दोन्ही परत आणावे लागले. सुधीरला त्या कामावरून काढून सुट्या भागांच्या खरेदीवर बसवलं. नेर्मिनने स्क्रीनवर आपलं नाव पाहिलं, त्यावरून बोट फिरवलं आणि उल्काला चहाला वर बोलावलं.

पुढे एकदा सुधीर तिला स्टेशनवर भेटला. "एवढा राग होता तुला माझा?" त्याने विचारलं.

"अजून आहे," उल्का म्हणाली आणि आलेल्या गाडीत चढली.